भैरवकड्यावरची प्रभावळ

साहेबांना गडावर न्यायला डोली होती, पण फोटोत डोली येता कामा नये असं ठरलं होतं. म्हणून शेवटच्या वळणाच्या शंभर पावलं अलीकडे आम्ही त्यांना उतरवलं. संपत तोडकरने बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांच्या कपाळावर शिंपडलं. घाम हवा होता.

"जास्त झालं का रे?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. एक नंबर. चार तास चढल्यासारखं वाटतंय."

"चढायला लागतात किती?"

"दोन."

"मग पूस थोडं."

आश्विनातला रविवार होता, सकाळचे पावणेसात. साहेब म्हणजे अप्पासाहेब इंगवले, आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे सदस्य. येत्या गुरुवारी ते साठ वर्षांचे होणार होते. संपत हा त्यांचा उजवा हात. डावा हात बहुधा मी असेन, कारण लिहायची कामं माझ्याकडे होती.

मी त्यांच्या कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. म्हणजे जेवढे तास घ्यायचे तेवढ्याचाच पगार, सुट्टीत काही नाही आणि दर जूनमध्ये आपण नोकरीला नव्यानेच लागतो. अकरा वेळा माझं स्वागत झालं होतं. शिवाय साहेबांची भाषणं, शोकसंदेश, लग्नपत्रिकांवरचे आशीर्वाद आणि 'विचारकण' नावाचं एक पुस्तक मी लिहिलं होतं. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत साहेबांनी माझे आभार मानले होते. प्रस्तावनाही मीच लिहिली होती, त्यामुळे आभार कमी वाटू नयेत एवढी काळजी मला घेता आली.

आदल्या दिवशी ऑफिसात साहेब म्हणाले होते, "सर, फ्लेक्सचं काम झकास होऊ द्या. सोमवारी तुमची कायमची ऑर्डर काढतो."

कायम करतो हे ते दरवर्षी म्हणत. पण वार त्यांनी पहिल्यांदाच सांगितला होता.

फ्लेक्सची कल्पना, दुर्दैवाने, माझी. महिन्याभरापूर्वी एका पेपरात भैरवकड्याचा रंगीत फोटो आला होता. पावसाळा सरता सरता सकाळी कोकणातून धुकं वर येतं, पाठीमागून ऊन पडतं आणि कड्यावर उभ्या माणसाची सावली समोरच्या धुक्यावर उमटते. तिच्या भोवती सप्तरंगी गोल कडं. पेपरवाल्याने त्याला इंद्रवज्र म्हटलं होतं. ऑफिसात तो फोटो बघताना मी बोलून गेलो, "अगदी देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ."

संपतने ते उचललं. "साहेब, साठीचा फ्लेक्स! मध्ये तुम्ही, मागं प्रभावळ. समोरच्या पार्टीनं लाइटिंग केलं तरी जमणार नाही."

असे आम्ही चाळीस कार्यकर्ते, एक डोली आणि फोटोग्राफर दिलावर मुलाणी वर पोचलो. दिलावरभाईंनी नुकताच मागे पडदा असलेला डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि ते त्याला तान्ह्या बाळासारखे शालीत गुंडाळून आणत होते.

वर पाहतो तर पेपर आख्ख्या जिल्ह्याने वाचलेला. सात-आठशे माणसं तरी असतील. निसर्गाच्या कुशीत दोन घटका एकांत मिळावा म्हणून आलेली माणसं एकमेकांच्या कुशीत उभी होती. वडापावच्या दोन गाड्या कुणी आणि कशा वर चढवल्या देव जाणे. एका पतपेढीची सहल पिवळ्या टोप्या घालून आली होती आणि तिचा प्रमुख हातकर्ण्यावरून सांगत होता, "शांतता राखा! शांतता राखा, नाहीतर नावं लिहून घेईन!" एवढ्या शांततेत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

कड्यापासून पन्नास पावलांवर भैरवाचं उघड्यावरचं ठाणं होतं, शेंदूर फासलेले चार दगड. त्याच्याशी एक म्हातारी काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. सगुणाबाई. खालच्या वाडीतली.

"खळं बगाया आलाय जनू," ती म्हणाली. चंद्राभोवती पडतं ते खळं. वाडीत यालाही तोच शब्द होता. "चपला हितं काढा. एकेकानं जावा. आन माघारी आल्यावर काय दिसलं ते बोलायचं न्हाय."

"का हो मावशी?" मी विचारलं.

"रीतच हाय तशी."

"मावशी, साहेब एकटे कुठंच जात नाहीत," संपत म्हणाला. "बाथरूमलासुद्धा बाहेर दोघं असतात."

म्हातारीने साहेबांकडे नीट पाहिलं. "मग औघडच हाय त्येंचं," ती म्हणाली आणि काकडी चिरायला लागली.

आम्ही चपलांसकट आणि चाळिसांच्या चाळीस जण कड्यावर गेलो. संपतच्या पोरांनी पतपेढीला जरा सरकवून साहेबांना मधोमध जागा केली. समोर काही नव्हतं. म्हणजे खरंच काही नव्हतं; पायाच्या अंगठ्यापुढे जमीन संपत होती आणि खाली पांढरं, घुसळलेल्या ताकासारखं धुकं हळूहळू वर चढत होतं. पाठीवर ऊन आलं. धुकं आमच्या गुडघ्यांच्या पातळीला आलं, थोडं मागे हटलं, पुन्हा आलं.

आणि एकदम, कुणी तरी बटण दाबल्यासारखं, ते दिसलं.

आठशे माणसांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी नंतर कुठल्याही सभेत ऐकला नाही. धुक्यावर आमच्या सावल्यांची लांबच लांब रांग पडली होती आणि त्यात एक लखलखीत गोल. आत पिवळट पांढरा, मग तांबडा, मग निळा, हिरवा, पुन्हा तांबडा. चित्रातला असतो तसा नाही, थरथरणारा, जिवंत.

"साहेबांच्या डोक्याभोवती!" संपत ओरडला. "बघा! बरोब्बर साहेबांच्या!"

"साहेबांच्याच!" चाळीस जण ओरडले. "अप्पासाहेब आगे बढो!"

मी पाहिलं. ते माझ्या डोक्याभोवती होतं.

माझी काही तरी चूक होतेय असं मला वाटलं. हे आयुष्यात नेहमीच वाटत आलेलं असल्याने मी घाबरलो नाही. मी हळूच मान डावीकडे नेली. गोल डावीकडे गेला. खाली वाकलो. गोल वाकला. दोन माणसं सोडून साहेबांची सावली होती, टोपीच्या टोकासकट ओळखू येणारी, आणि तिच्याभोवती नुसतं करडं धुकं. सोमवारी ऑर्डर, आणि रविवारी साहेबांची प्रभावळ माझ्या डोक्याला चिकटलेली! कुणी पाहिलं तर?

पण कुणी पाहत नव्हतं. पलीकडे पतपेढीत जुंपली होती.

"अहो कदम, माझ्या डोक्याभोवती आहे!"

"वहिनी, डोळे तपासा. सरळ सरळ माझ्या आहे!"

"साने मॅडमच्या नाही, कदमांच्या नाही, माझ्या आहे!" हातकर्णा म्हणाला.

सबंध कड्यावर एकमत होतं ते फक्त आमच्यात.

"पब्लिकला शिस्त नाही," साहेब समाधानाने म्हणाले. त्यांनी हात वर केला आणि आपल्या सावलीला अभिवादन केलं. "दिलावर, घे."

दिलावरभाईंनी धडाधड दहा-बारा फोटो घेतले, कॅमेरा उलटा केला, मागच्या पडद्यात पाहिलं आणि डोळे मिटले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, जरा बघता का? माझं बीपी वाढलंय."

मी पाहिलं. फोटो सुंदर होता. सप्तरंगी गोल, त्याच्या ऐन मध्यावर एक सावली, कोपरं बाहेर काढून डोळ्याला कॅमेरा लावलेली. प्रभावळ दिलावर मुलाणी यांना लाभली होती. साहेबांची सावली एका कडेला, दुसऱ्या कुणाच्या सत्काराला आल्यासारखी उभी.

"अँगल चुकला असेल," मी म्हणालो.

"पाच अँगल झाले. प्रत्येकात मीच आहे. या अल्ला, हा फ्लेक्स लागला तर मला गाव सोडावं लागेल."

संपतने कॅमेरा हिसकावून घेतला. "तुला फोटो काढता येत नाही. लग्नातसुद्धा तू नवरदेवाचे डोळे मिटलेले काढतोस. साहेब, इकडे बघा. म्हणजे तिकडेच बघा." त्याने दोन फोटो काढले आणि पडद्यात पाहिलं. आता गोलाच्या मध्यावर त्याची स्वतःची सावली होती. जिल्हा परिषदेच्या पुढच्या निवडणुकीत संपतच्या मनात काय आहे याबद्दल तालुक्यात कुजबुज होतीच. आता पुरावा कॅमेऱ्यात होता. त्याने घाईघाईने बोटं चालवली, पण कॅमेरा नवा होता. फोटो पुसायचं बटण सापडेना.

"काय झालं रे?" साहेब म्हणाले. "दाखव."

"हलला, साहेब."

"दाखव म्हणतो ना."

साहेबांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग संपतकडे. तेवढ्यात खालून वाऱ्याचा झोत आला, धुकं फाटलं, गोल विझला आणि आठशे माणसं "अरेरे" म्हणाली.

"यील परत," मागून सगुणाबाईंचा आवाज आला. "घटकाभर दम धरा."

साहेब तडक भैरवापाशी जाऊन एका दगडावर बसले. कार्यकर्ते मागोमाग निघाले, तेव्हा त्यांनी नुसता पंजा दाखवला. "सर, तुम्ही या. दिलावर, तू पण."

सगुणाबाईंनी न विचारताच त्यांच्या हातात मीठ लावलेली काकडी ठेवली. त्यांनी ती अर्धी खाल्ली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, खरं सांगा. तुम्हाला कुणाच्या डोक्याभोवती दिसलं?"

मला खोटं सुचलं नाही असं नाही. तीन तयार होती, त्यातलं एक तर श्लोकासकट. सोमवार माझ्यापासून एका वाक्यावर होता. घरी माझ्या बायकोने, सुलभाने, 'सोमवार' हा शब्द ऐकून चिरत असलेली भाजी तशीच ठेवली होती आणि देवापाशी दिवा लावला होता. अकरा वर्षांत मी या माणसाला हजारो वाक्यं दिली, एकही परत मागितलं नाही. मग हेच एक का जड जावं?

पण ते मी पाहिलं होतं. मी वाकलो तेव्हा ते माझ्याबरोबर वाकलं होतं. तेवढं त्यांना देऊन टाकायला मन होईना.

"माझ्या," मी म्हणालो.

साहेबांनी काकडी खाली ठेवली. "दिलावर?"

"माझ्या, साहेब. माफ करा."

"अवो ज्येचं त्येलाच दिसतंय," सगुणाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं कुनाला दिसत न्हाय. म्हनून तर एकेकानं जायचं, आन बोलायचं न्हाय. बोललं की भांडान."

"म्हणजे ह्या सगळ्यांना," साहेबांनी लांब उभ्या असलेल्या चाळीस जणांकडे हात केला, "ज्याच्या त्याच्या डोक्याभोवती दिसत होतं?"

"हो."

"आणि चाळीसच्या चाळीस माझं नाव घेत होते."

मी काकड्यांच्या पाटीकडे पाहिलं. ते घोषवाक्यही मीच लिहिलेलं होतं.

कार्यकर्त्यांनी तिकडून उत्साहाने हात हलवला. साहेबांनी हलवला नाही. त्या क्षणी ते मला एकदम साठ वर्षांचे दिसले.

"साहेब," दिलावरभाई हळूच म्हणाले, "एक उपाय आहे. कॅमेरा तुमच्या हातात घ्या. बटण तुम्हीच दाबा. मग फोटोत तुमच्याच डोक्याभोवती येईल. फ्लेक्स होऊन जाईल."

साहेब उठले. कॅमेरा गळ्यात घातला. सरळ पतपेढीच्या प्रमुखाकडे गेले, त्याच्या हातातला कर्णा काढून घेतला आणि ज्या आवाजात ते कारखान्याच्या सभेत विषय मंजूर करून घेत त्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी मागं व्हायचं. भैरवाच्या मागं. ताबडतोब."

आठशे माणसं मागे झाली. कड्याला तडा गेलाय असंच बहुतेकांना वाटलं. संपत पुढे धावला, "साहेब, मी बरोबर—"

"तू पण मागं."

मग त्यांनी वाकून, स्वतःच्या हातांनी, बुटांच्या नाड्या सोडल्या. त्यांना वेळ लागला. ते काम त्यांनी बऱ्याच वर्षांत केलं नसावं. अनवाणी, टोपी काढून, ते ओल्या कातळावरून एकटे पुढे गेले.

धुकं वर येत होतं. आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. काही नव्हतं आमच्यासाठी तिथे; ना रंग, ना गोल. पण का कोण जाणे, कुणी बोलेना. आधी मागचे गप्प झाले, मग वडापाववाल्याने शेगडी मंद केली, मग एक लहान मूल काही तरी विचारत होतं तेही थांबलं. पतपेढीचा प्रमुख रिकाम्या हाताने उभा होता आणि शांतता राखली जात होती.

साहेबांनी एकदा उजवा हात थोडासा उचलला. सभेत उचलतात तसा नाही. समोर कुणी ओळखीचं दिसलं, आणि नक्की तेच का याची खात्री नसली, की उचलतो तसा.

तीन-चार मिनिटं झाली असतील. ते वळले आणि परत आले. माझ्यासमोरून जाताना मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. दिलावरभाईंनी भिंगावर लावलेलं टोपण काढलेलंच नव्हतं.

"साहेब, फोटो..." संपत म्हणाला.

"राहिला," साहेब म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "जा सर. तुम्ही जा आता. चपला काढून."

मी पुढे झालो. कातळ गार होता. पाण्याने भरलेल्या बारीक खळग्यांत बोटं बुडत होती. मागे आठशे माणसं श्वास घेत होती आणि मला ते ऐकू येत होतं. तरी इतका एकटा मी आयुष्यात कधी नव्हतो, स्वतःच्या खोलीतही नाही. खालून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या भातशेतीचा वास होता. मी कडेशी उभा राहिलो. धुकं वर आलं.

पुढचं मी सांगणार नाही. तिथली रीत नाही. आणि मी लिहून दुसऱ्याला दिलं नाही असं माझ्याकडे तेवढंच आहे.

परतलो तेव्हा रांग लागली होती. कुणी लावली नव्हती. साने मॅडम पिवळी टोपी हातात धरून उभ्या होत्या, त्यांच्यामागे कदम, त्यांच्यामागे आमचे चाळीस जण. एकेक जण जात होता, एकेक परत येत होता आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. संपत परत आला तेव्हा बराच वेळ चपला शोधत राहिला. त्या त्याच्या समोरच होत्या.

सव्वानऊला धुकं उडालं. खाली कोकण लख्ख दिसायला लागलं आणि माणसं पुन्हा बोलायला लागली.

गड उतरताना साहेब डोलीत बसले नाहीत. पायथ्याशी जीप दिसल्यावर मात्र त्यांनी टोपी घातली, ड्रायव्हरला उशिराबद्दल दोन शिव्या दिल्या आणि ते पुन्हा साहेब झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही खरं बोललात. बरं वाटलं."

"साहेब, ऑर्डर..."

त्यांनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. ते जीपच्या टपावरून ओरडत होते, "अप्पासाहेबांचा विजय असो!"

"तुम्हाला कायम केलं," साहेब म्हणाले, "तर ह्या चाळीस जणांचं मी काय करू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरी अडचण होती ती त्यांची.

घरी आल्यावर सुलभाने सगळं ऐकून घेतलं. फक्त एकच विचारलं, "कुणाच्या डोक्याभोवती दिसलं म्हणालात?"

"माझ्या."

"मग बरोबरच सांगितलंत. हात धुऊन या, पानं घेतलीत." नंतर ती स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी आपटत होती, पण माझ्यावर नाही.

गुरुवारी तालुकाभर फ्लेक्स लागले. संपतने लिहिलेला मजकूर: 'तेजस्वी नेतृत्व'. मध्ये सप्तरंगी प्रभावळ आणि तिच्यात कोपरं बाहेर काढलेली सावली. साहेब हात जोडून नमस्कार करत आहेत, असा खुलासा विचारणाऱ्यांना देण्यात येई. एसटी स्टँडवर कार्यकर्त्यांना त्या सावलीला हार घालताना मी पाहिलं. शेजारी दिलावरभाई उभे होते.

"सर," ते म्हणाले, "अब्बा असते तर त्यांना दाखवलं असतं."

जूनमध्ये माझं बाराव्यांदा स्वागत झालं नाही. मी दुसऱ्या तालुक्यात एका शाळेत लागलो, आठवी-नववीला मराठी. पोरं माझी वाक्यं वापरत नाहीत, वाचतसुद्धा नाहीत. प्रकृतीला मानवलं. साहेब पुढची निवडणूक हरले. संपत जिंकला. त्या चाळिसांतले एकोणचाळीस त्याच्याकडे गेले; एक जण मधल्या काळात वारला होता.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. गेल्या आश्विनात मी आणि सुलभा भैरवकड्यावर गेलो. आता रेलिंग आहे, तिकीट आहे आणि 'येथे सेल्फी काढा' अशी पाटी आहे. गर्दी दुप्पट. सगुणाबाई मात्र त्याच दगडाशी, तीच पाटी. डोळ्यांवर जाड चष्मा. मी ओळख दिली.

"तुमी व्हय ते मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमचं सायब यिऊन गेलं की परवाच."

"कोण? अप्पासाहेब?"

"दरसाली येत्यात. गर्दी हुयाच्या आदी, पार उजाडायला. काठी टेकत, एकटंच. डोलीबिली न्हाय. हितं चपला काढत्यात, जात्यात, उभं ऱ्हात्यात, माघारी येऊन काकडी खात्यात."

सुलभाने चपला काढल्या होत्या. ती रांगेत जाऊन उभी राहिली.

"आणि काय दिसतं म्हणतात?" मी विचारलं.

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की अठरा वर्षांत मला एवढंही शिकता आलं नाही याचं तिला वाईट वाटलं असावं.

"आमी इचारत न्हाय," ती म्हणाली आणि माझ्यापुढे मिठाची पुडी सरकवली.